सायलेन्सरशी धरलेला रुमाल

धायरीच्या तुळजाबाईंचा ट्रक हल्ली डिझेल ढोसायचा आणि चढावर काळा धूर ओकायचा. यंदा तो भंगारात काढायचा, असं घरात ठरलंच होतं. पण इतकी वर्षं स्वतः चालवलेली गाडी सोडवेना, म्हणून त्या गॅरेजवाल्या शंभूकडे आल्या.

शंभूने खपून इंजेक्टर साफ केले, पंपाचं टायमिंग जुळवलं. आज भरलेला ट्रक कात्रजचा घाट न कुरकुरता चढून आला आणि डिझेलही कितीतरी कमी लागलं.

"वाचली गाडी, मावशी!"

"जीव भांड्यात पडला रे बाबा," म्हणत तुळजाबाईंनी डोळे पुसले.

धूर खरंच थांबलाय ना, हे बघायला शंभूने चालू गाडीच्या सायलेन्सरशी पांढरा रुमाल धरला. त्यावर काळा ठिपकाही उमटला नाही. दोघं मनापासून हसले.

मग तुळजाबाईंना दिसलं, की रुमाल बाहेर फडफडत नव्हता. आत ओढला जात होता.

त्यांनी धावत जाऊन इंजिन बंद केलं. तरी रुमाल आत सरकतच राहिला आणि दिसेनासा झाला; शंभूचा हात मात्र सायलेन्सरच्या तोंडाशीच होता.

"जाऊ दे, सोड तो!"

"रुमाल केव्हाच सोडलाय, मावशी," शंभू हळूच म्हणाला. "हात सुटत नाहीये."