शेवटचा नंबर

सुनसान रस्त्यांनी पडके किल्ले बघत फिरणारे ते पाच सायकलवाले. उतारावर मान वळवली की तोल गेलाच, म्हणून दादा पुढून "एक!" ओरडायचा आणि मागचे आपापला नंबर द्यायचे. गेल्या वर्षी बुरुजाच्या वळणावर "चार!" आलंच नाही, दादाचा धाकटा भाऊ दरीत गेला होता.

आज निघतानाच दादाने सगळ्यात मागे असणाऱ्या, पाच नंबरच्या सुताराला बजावलं, "आता चौघंच आहोत. आजपासून तू चार."

"तोंडात पाचच बसलंय हो, दादा," सुतार पुटपुटला.

बुरुजाचं वळण आलं. दादाने घसा खाकरला. "एक!"

"दोन!"

"तीन!"

"चार!"

 

आणि सुताराच्याही मागून, धापा टाकत, धाकट्याचा आवाज आला, "दादा, मग मी पाच ना?"