नुकसानीचा आकडा

घर पुरात बुडालं आणि विमा तर नव्हताच. निदान नुकसानीपोटी करात सूट पदरात पडावी म्हणून शिंपीदादा बायकोला घेऊन करअधिकाऱ्यासमोर बसले. सूट मिळाली, तरच यंदा नवं शिलाई मशीन येणार होतं.

"मशीन, एकदम भारीतलं. सोफा, नवाकोरा म्हणा ना. कपाट, अस्सल सागवानी." शिंपीदादांचा आकडा पुराच्या पाण्यासारखा चढत होता.

अधिकाऱ्याने चष्मा कपाळावर सारला. "घरात एवढा ऐवज, मग विमा का नाही उतरवलात?"

शिंपीदादांनी मदतीसाठी बायकोकडे पाहिलं.

"विमेवाला दारात आला होता, साहेब," ती शांतपणे म्हणाली. "तेव्हा ह्यांच्या लेखी ते सगळं भंगार होतं. भिजलं आणि त्याचं सोनं झालं."