उजव्या हाताचा छाप

भटूची पोरगी पहिलीत बसली, ते साल शहाण्णव. बाप आफ्रिकेला गेला तेव्हा ती पाळण्यात होती. त्या जूनमध्ये धुळ्याच्या वखारीत परदेशी सागाचा ट्रक उतरत होता आणि झिपरू मिस्त्री चष्मा पुसत ओंडक्यांच्या तोंडावर कापसाचं बोंड शोधत होता.

ते बोंड त्यानंच लोखंडात कोरलं होतं. त्याच्या पोराला, भटूला, तिकडं आफ्रिकेत साग निवडायचं काम मिळालं. निवडलेल्या ओंडक्यावर छाप ठोकायचा हातोडा बापानं करून दिला. करार पाच वर्षांचा, पगारही परत आल्यावरच. पत्राचा भटूला पहिल्यापासून आळस. जाताना एसटीच्या खिडकीतून म्हणाला होता, "बोंड दिसनं का समजी लेजो आबा, मी बरा शे."

आधी माल घानाचा आला. जाड, तेलकट, सरळ रेषेचा. त्यावर बोंड मात्र डावीकडं कललेलं. भटू डावखुरा. लाकडाला पहिला हात उजवा लागावा, हा झिपरूच्या घरचा नेम. पोरानं डाव्या हातात पटाशी धरली की झिपरू तिच्याच दांड्यानं बोटं फोडी. पोरगं रडे, पण हात बदलत नसे.

मग घानाचा माल आटला आणि आयव्हरी कोस्टचा येऊ लागला. बारीक, गाठाळ, कडेचं पांढरंच जास्त. दर खेपेला घेर उतरत चाललेला.

"आबा, घानाना ओंडका दोन गडीसले उचलाये नही," नथ्थू हमाल ओरडला. "हाई ते पऱ्हाटी शे, पऱ्हाटी! तुमना भटू काय कपाशीना वावरमा उभा शे का?"

"लाकूड नको देखू, छाप देख," झिपरू म्हणाला. "कसा नीट बठेल शे."

सगळी वखार घानाची आठवण काढी, झिपरू काढत नसे. आयव्हरी कोस्टच्या ओंडक्यांवर बोंड उजवीकडं कललेलं होतं. मारून जे जमलं नाही, ते परमुलखात जमलं. पोरगं उजव्या हातानं ठोकू लागलं होतं. हे तो दोन वर्षं भेटेल त्याला सांगत होता.

ट्रकच्या केबिनमधून एक काळवंडलेला माणूस उतरला. सोनगीरचा जीवराम. तिकडूनच परतला होता, मुंबईपासून मालाबरोबर आला होता. झिपरूचा हात बोंडावर पाहून तो जवळ आला.

"हातोडा झकास बनाडा आबा. दोन वरीस मी त्याच हातोडानं ठोकं, पन छापनी धार गई नही."

झिपरूनं त्याच्याकडं पाहिलं. "तू ठोकं?"

जीवरामचा चेहरा उतरला. "तुमले तार नही भेटनी का? मुंबईना एजंट तर म्हने, करी दिधी."

झिपरूनं जीवरामचा उजवा हात हातात घेतला, पालथा केला, घट्टे पाहिले आणि सोडून दिला.

संध्याकाळच्या गाडीनं तो घरी शिरपूरला आला. ट्रक आला की सून प्रमिला नवा हिरवा चुडा भरी, ही रीत सगळ्या गल्लीला ठाऊक होती. कासारीण आधीच ओट्यावर बसली होती. नात मांडीवर पाटी घेऊन बांगड्यांच्या काचेतून मावळतीच्या उन्हाकडं पाहत होती.

"आबा, छाप उना ना?" प्रमिलानं विचारलं.

झिपरूनं चपला काढल्या. एक उंबऱ्याच्या आत ठेवली, दुसरी बाहेरच राहिली.

"उना," तो म्हणाला.

कासारणीनं सुनेचा हात हातात घेतला.

भटू चौऱ्याण्णवच्या पोळ्याला घानात तापानं वारला. आयव्हरी कोस्ट त्यानं कधी पाहिलंच नाही.