मुग्धाची जीभ

टेबलाखाली मुग्धाने उन्मेषच्या गुडघ्यावर दोनदा बोट दाबलं. दोन म्हणजे बरा. तीन म्हणजे पहिला नंबर. एकदाच दाबलं, तर गुपचूप बिल देऊन निघायचं.

"कसा वाटला, सर?" केयूरने विचारलं. धरमपेठेतल्या या छोट्याशा पिझ्झाच्या दुकानाचा तो मालक. ॲप्रनला हात पुसत मघापासून टेबलाशीच उभा होता.

"थांब गा, घास तर गिळू दे," उन्मेष म्हणाला आणि पुठ्ठा चावावा तसा आणखी एक तुकडा चावू लागला.

त्याला काहीच लागत नव्हतं. चीज नाही, टोमॅटो नाही, लसूण नाही. दोन वर्षांपूर्वी दोघं नवरा-बायको एकाच खोलीत, एकाच तापाने आठ दिवस फणफणले होते. मुग्धा आधी उठली. उन्मेष उठला तो वास आणि चव दोन्ही गमावून. धंतोलीच्या डॉक्टरांनी हात वर केले. आली तर येईल, म्हणाले. आणि हा माणूस कोण, तर नागपुरात कोणत्या दुकानाचा क्रस्ट, म्हणजे पिझ्झाचा पाव, कसा, हे जगाला सांगणारा! बुटीबोरीची पक्की नोकरी सोडून त्याने हेच धरलं होतं. ऐंशी हजार लोक त्याच्या शब्दावर पिझ्झा खायला घराबाहेर पडत.

आठवडाभर तो भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. जेवेना, बोलेना. मग एका सकाळी मुग्धा म्हणाली, "ऊठ. माझी जीभ आहे न शाबूत! मी चाखते, तू लिही."

तेव्हापासून असंच चाललं होतं. पण कुणाला कळलं तर आपली पार शोभा होणार, या धास्तीने त्याचा जीव सतत टांगणीला लागलेला असे. आज तर जास्तच. संध्याकाळी सात वाजता 'नागपूरचे पाच सर्वोत्तम क्रस्ट' ही यादी इंटरनेटवर टाकायची होती. सदरचा पातळ कुरकुरीत, जरीपटक्याचा जाड, कडेत चीज भरलेला, आणखी दोन, असे चार ठरले होते. पहिला नंबर अजून रिकामा होता.

मुग्धाची चाखायची रीत मात्र बघण्यासारखी. आधी तुकडा उलटा करून खालचे करपट डाग बघायचे. कड कानाशी नेऊन मोडायची. शेजारच्या टेबलावरच्या लोकांनी कडा टाकल्या की संपवल्या, तेही बघून घ्यायचं. माझी जीभ धड होती तेव्हा मलाही हे कधी सुचलं नाही, असं उन्मेषला नेहमी वाटायचं.

"पीठ किती वेळ ठेवता?" तिने केयूरला विचारलं.

"पूरे दोन दिवस, मॅडम. आणि भट्टी लाकडाचीच. गॅसवर एकही पिझ्झा नाही होत आपल्याकडे."

मुग्धाने तिसऱ्यांदा बोट दाबलं.

परतताना उन्मेषला स्कूटरवर नीट बसवेना. "सांगून टाकू का लोकांना खरं काय ते?"

"काहून?" मागून मुग्धा उसळलीच. "दोन वर्षांत माझी एक तरी चूक झाली का?"

"चूक नाही गं. पण सगळा भार तुझ्यावर. आणि तुलाच तेवढी मजा येते खाताना, मला कधी कधी तुझा रागही येतो."

ती म्हणाली, "समोर बघ. सिग्नल लागला."

घरी पोचले तेव्हा साडेसहा होऊन गेले होते. उन्हाच्या झळांमुळे खिडक्या सकाळपासून बंदच होत्या. मुग्धाने पिशवीवर पेनाने घातलेली तारीख बघून दूध घेतलं आणि चहा ठेवला. अलीकडे ती फार टापटिपीची झाली होती. मीठसुद्धा चमच्याने मोजून घालायची.

उन्मेष हॉलमध्ये लॅपटॉप उघडून बसला. ती स्वयंपाकघराच्या दारात, शेगडीकडे पाठ करून, चौकटीला टेकून उभी राहिली.

"लिही. कडेला लाकडाचा धुरकट वास."

"धुरकट वास. पुढे?"

"मागून हलकासा आंबूसपणा. दोन दिवस मुरलेल्या पिठाचा. आणि लसूण अगदी शेवटी येतो."

"शेवटी येतो! वा!" उन्मेषची बोटं भराभर चालली. किती बारीक कळतं हिला, या विचाराने त्याला भरूनही आलं आणि थोडी असूयाही वाटली. दहा मिनिटं ती सांगत राहिली, तो लिहीत राहिला. सातला पाच कमी असताना त्याने शेवटचा पूर्णविराम दिला. "झालं! चहा आण आता."

"अगं बाई, चहा!" ती आत वळली. चहा उतू जाऊन शेगडी कधीच विझली होती. तिने ओट्यावरचा लायटर उचलला.

तेवढ्यात लोटलेलं दार धाडकन उघडलं. समोरच्या घरातल्या यमुताई होत्या, नाकाला पदर लावून.

"पेटवू नको वं! कोणत्याच बटनाले हात लावू नका! जिन्यात उभं राहवत नाही इतका गॅस कोंडला, अन् तुम्ही दोघं आत बसून काय करून राहिले?"

त्यांनी धावत जाऊन शेगडी बंद केली, सिलिंडर बंद केला, खिडक्या भडाभडा उघडल्या. उन्मेष खुर्चीतून उठला होता. तो मुग्धाकडे बघत होता.

मुग्धाने लायटर हलकेच ओट्यावर ठेवला. डोळे मिटून एकदा खोल श्वास ओढला. मग आणखी एकदा.

"यमुताई," तिने हळूच विचारलं, "खूप येऊन राहिला का वास?"