मुदतबंद

दाराला आतून कुलूप लागल्याचा आवाज सल्लागारानं सोफ्यावर टेकता टेकता ऐकला. मुलगा समोरच्या खुर्चीत येऊन बसला. त्याच्या मागून आई आली. भर दुपारी कुलूप कशाला, असं विचारावंसं सल्लागाराला वाटलं, पण पहिल्याच भेटीत गिऱ्हाइकाच्या घरात नाक खुपसू नये, एवढं तो इतक्या वर्षांत शिकला होता.

खोलीत सामान असं नव्हतंच. टीव्हीच्या जागी भिंतीवर खिळ्यांची भोकं तेवढी उरली होती. आईच्या मनगटांवर बांगड्यांचे फिके वळ होते, बांगड्या नव्हत्या. खिडक्या बंद. सल्लागारानं कॉलरचं बटण सैल केलं.

"बाबांच्या मागं बँकेत एवढंच उरलंय," मुलगा म्हणाला. तिशीचा असेल, पण दाढी वाढल्यामुळं मोठा दिसत होता. "आईच्या नावावर आहे. हेही गेलं तर आम्ही दोघं रस्त्यावर. बाँड फंडात टाकायचंय. त्यात काय काय प्रकार असतात, ते सांगा."

सल्लागारानं बॅगेतून कागद काढले. हे काम त्याच्या हातचा मळ होतं.

"हा लिक्विड फंड. परतावा बेताचा, पण पैसा मोकळा. आज मोबाईलवरून मागितला, की उद्या खात्यात."

"नको. पुढचा."

"सरकारी रोख्यांचा फंड. सरकार काही बुडवत नाही. व्याजदर वाढले की भाव पडतो, तेव्हा धीर धरायचा. हाही हवा तेव्हा विकता येतो."

"मग नकोच."

"हा तिसरा, जरा कमी पत असलेल्या कंपन्यांच्या रोख्यांचा. परतावा घसघशीत. पण एखादी कंपनी बुडाली, की मुद्दलालाच कात्री."

मुलगा एकदम पुढं सरकला. "घसघशीत म्हणजे किती? वर्षात दुप्पट?" त्याचे डोळे चमकले. मग त्यानं दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले. "राहू दे. त्याचं नावसुद्धा काढू नका."

लोभी आहे, पण पक्का सावध, सल्लागारानं मनाशी म्हटलं. असली माणसं त्याला मुळीच आवडत नसत.

"राहता राहिला मुदतबंद फंड. पाच वर्षांचा. मुदत संपेपर्यंत हात लावता येत नाही."

"कुणी कितीही रडलं, पाया पडलं, तरी?"

"तरीही."

"मग हाच."

"अरे, पण आजारपण निघालं तर?" आई हळूच म्हणाली.

"आई, तू मधे बोलू नकोस. आपलं ठरलंय ना?"

आई नुसत्या मनगटावरून बोट फिरवत राहिली. सल्लागाराचा जीव कळवळला. त्याच्या आत्यानं असेच दिवस काढले होते, पोटच्या पोराच्या तोंडाकडं बघत.

"मोबाईल नंबर लागेल, मावशी."

आईनं आधी मुलाकडं पाहिलं.

"घरात फोन एकच," मुलगा म्हणाला. "तो कपाटात असतो, कुलपात. नंबर सांगेल ती. सहीही तिचीच घ्या. मी या कागदांना हात लावणार नाही." आणि तो चहा टाकायला आत गेला.

म्हणजे उद्या काही झालं, तर हा नामानिराळा. साळसूदपणाची कमाल होती. आत भांड्यांचा आवाज सुरू होताच सल्लागार पुढं वाकला.

"मावशी, पाच वर्षं अडकून पडू नका. पैसा मोकळा, तर माणूस मोकळा. लिक्विड फंडात टाकू. हवे तेव्हा निघतील, कुणाला विचारायला नको."

"त्याला कळेल ना पण?"

"मी तरी सांगणार नाही."

आईनं स्वयंपाकघराकडं एकदा पाहिलं. "माझ्याच्यानं सोसवत नाही हो. दिवसभर हे असं कोंडून राहायचं, अंगाची नुसती तगमग. एखाद्या दिवशी अगदीच सहन होईनासं झालं, तर थोडे तरी हाताशी असावेत, नाही का?"

"असतील. मी आहे ना."

त्यानं लिक्विड फंडाचा अर्ज पुढं सरकवला. आईनं तो डोळ्यांजवळ धरून नीट वाचला, आणि सही केली. चहा येईपर्यंत कागद बॅगेत गेले होते. यात कमिशन जवळजवळ नव्हतंच, पण सल्लागाराला फार बरं वाटत होतं. धंद्यात पुण्य करायची संधी काही रोज येत नाही.

चहा संपवून तो उठला आणि मुलगा कधी किल्ली काढतो याची वाट पाहत दाराशी थांबला. पण मुलगा खोलीच्या पार दुसऱ्या टोकाला गेला आणि भिंतीला पाठ लावून उभा राहिला. आईनं कमरेची किल्ली काढली आणि दार उघडलं.

"लगेच लाव गं," मुलगा तिथूनच म्हणाला. त्याला घाम फुटला होता. "उघडं दार दिसलं की माझे पाय ठरत नाहीत. साहेब, पैसे पक्के अडकलेत ना? सगळं जुगारात घातलं मी. टीव्ही मी विकला, पण बांगड्या हिनं स्वतःच्या हातानं काढून दिल्या. मी रडायला लागलो की हिला नाही म्हणता येत नाही."

सल्लागाराचा हात बॅगेकडं गेला.

"हो रे बाळा, अगदी पक्के," आई म्हणाली, आणि सल्लागारानं तोंड उघडायच्या आत त्याला उंबऱ्याबाहेर करून तिनं आतून कुलूप लावलं.