बाप्तिस्म्याचा उतार

रात्रीतून नावेचा दोर कापला गेला होता. नाव वाहून गेली, आणि मतपेटी नदीपलीकडे, गिरणीत. सूर्य मावळला की पेटी बंद. काठावर खोळंबलेले साठ मतदार आणि त्यांच्या बायका, सगळे गुलामीतून सुटलेले काळे लोक; त्यांच्यातला माणूस पहिल्यांदाच निवडून वॉशिंग्टनच्या संसदेत जायला उभा होता.

लॅथम साहेब काठावरच्या ओंडक्यावर चिरूट ओढत बसले होते. पाच वर्षांपूर्वी ही सगळी माणसं त्यांच्या मालकीची होती.

"पुलावरून जा की," ते म्हणाले. "उद्या दुपारपर्यंत पोचाल."

"मग तुमचंही मत बुडालं, साहेब," केझाया म्हणाली.

"बुडू दे. एकाच्या बदल्यात साठ. सौदा वाईट नाही."

केझायाचा नवरा अब्सलम त्यांच्या चर्चचा पाद्री. माणसाला पाण्यात बुचकळून बाप्तिस्मा द्यायचा तो याच नदीत. त्याने काठी घेतली आणि वाकलेल्या झाडाखाली पाण्यात उतरला. तिथे तळ वाळूचा होता. लॅथम साहेबांना ते ठाऊक असायचं कारण नव्हतं. त्यांच्याकडे बाप्तिस्मा चांदीच्या वाटीतून व्हायचा.

"कमरेइतकंच आहे. या."

म्हातारा प्रिन्स घुटमळला. "पाद्रीबाबा, मध्ये नेऊन तुम्ही मला बुचकळणार. कधीचे टपून बसलाय."

"आज तुझ्या आत्म्याला सुट्टी. मत तेवढं आण."

केझायाने आधीच वाटलेल्या सगळ्या मतचिठ्ठ्या डोक्याच्या फडक्यात बांधल्या. बायकांना मत नव्हतं, पण पुरुषांच्या खिशांवर तिचा भरवसाही नव्हता. मान ताठ ठेवून ती पाण्यात शिरली. मागून हाताला हात धरून सगळे. कुणीतरी बाप्तिस्म्याचं गाणं सुरू केलं, आणि निम्म्या नदीत पोचेपर्यंत प्रिन्सचाच आवाज सगळ्यांत मोठा झाला.

गिरणीच्या दारात कारकुनाने त्यांना खालपासून वरपर्यंत पाहिलं.

"ओल्या चिठ्ठ्या चालणार नाहीत."

केझायाने फडकं सोडलं. "माणसं ओली आहेत, साहेब. मतं कोरडी आहेत."

एकेक चिठ्ठी पेटीत पडत गेली. शेवटची पडली तेव्हा उन्हं पिवळी झाली होती. अंगणात कपडे पिळत असलेला प्रिन्स एकदम हसायला लागला.

"केझायाबाई, तिकडं बघा."

पलीकडे वाकलेल्या झाडाखाली लॅथम साहेब उभे होते. पाण्यात उतरायला एक बूट काढलेला होता. दुसरा ओढून ओढून निघत नव्हता. आजवर ते काम कुणी ना कुणी गुडघ्यावर बसून करत आलं होतं.