शनिवारची बाई

मालकीणबाईंच्या ख्रिस्ती पंथात रविवार नव्हे, शनिवार म्हणजे शब्बाथ, देवाने नेमून दिलेला विसाव्याचा दिवस. त्या दिवशी त्यांच्या घरात कुणी इकडची काडी तिकडे करत नसे. धुणं, भांडी, चर्चहून येणाऱ्या पाहुण्यांचं जेवण, सगळं कामवाली बघायची. "ती आपल्यातली नाही ना, तिला चालतं," असं मालकीणबाई बिनधास्त सांगायच्या.

भांडी घासताना बाहेरच्या खोलीतलं बायबलवाचन कामवालीच्या कानावर पडायचं. देवाने सगळ्यांनाच एक दिवस विसावा दिलाय, हे ऐकून तिचे हात थांबायचे. जन्मात सुट्टी न मिळालेली ती बाई शेवटी चर्चच्या पाळकांकडे गेली आणि तिने बाप्तिस्मा मागितला.

बाप्तिस्म्याच्या पाण्यातून ती वर आली तेव्हा मंडळीचे डोळे भरून आले. मालकीणबाईंनी तिला ओल्या कपड्यांसकट मिठी मारली. "आता तू माझी बहीण झालीस गं! यापुढे शनिवारी तुला राबवलं तर मला पाप लागेल."

कामवालीला हुंदका आवरेना. शेजारी तिची दहा वर्षांची मुलगी टॉवेल धरून उभी होती. मालकीणबाईंनी तिच्या डोक्यावरून मायेने हात फिरवला.



"हिचा बाप्तिस्मा मात्र एवढ्यात नको हं. येत्या शनिवारपासून हिलाच पाठव."